असुंताबाईंच्या तळघरातला श्वास

१

"...सॅल अजून तिथंच आहे, तळघरात. दारं-खिडक्या बंद झाल्या की वर येतो. आणि आता तर तो—"

एवढंच माझ्या कानावर पडलं. बेकरीच्या काउंटरमागून डोरिन कुणाशी तरी बोलत होती. मी आत शिरले तशी दाराची घंटी वाजली, तिनं मला पाहिलं आणि वाक्य अर्धंच टाकून चाकू उचलला.

"थांबलीस का गं? बोल की," मी म्हटलं.

"कुठं काय. टोमॅटो पाय देऊ ना? कडेचा तुकडा?"

"कडेचाच दे. आणि सॅल कुठं आहे म्हणालीस?"

"स्मशानात. आणखी कुठं असणार?" ती चाकू पुसत म्हणाली. "बाजूला हो नॅटी, गर्दी आहे."

गर्दी कसली डोंबलाची! मी होते, आणि एक आजोबा होते, ते केव्हाचे आपली सुटी नाणी शोधत होते. पण डोरिनचं तोंड एकदा मिटलं की मिटलं. टोमॅटोचा रस्सा माखलेल्या जाड पावाचा, म्हणजे पायचा, पुडा घेऊन मी बाहेर पडले आणि बर्फातून चालत गल्लीच्या टोकापर्यंत येईस्तोवर त्या अर्ध्या वाक्याला शेपूट जोडत राहिले. आता तर तो काय?

सॅल म्हणजे सॅल्व्हातोरे रिझुटो, माझ्या शेजारीण असुंताबाईंचा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या मयताला मी स्वतः तीन पातेली भरून सेवया नेल्या होत्या, तेव्हा तो गेला याबद्दल माझ्या मनात तरी शंका नव्हती. असुंताबाईंच्या आणि माझ्या घरात एका अंजिराच्या झाडाचं अंतर. दर हिवाळ्याच्या तोंडाशी आम्ही दोघी ते झाड गोणपाटात गुंडाळतो आणि कुणी किती घट्ट बांधलं यावरून भांडतो. रोज सकाळी मी त्यांच्याकडे कॉफीला जाते. त्यांच्या तळघरात माणूस राहत असता तर तो मला दिसला नसता?

दिसला असता की.

२

आमच्या मोहॉक नदीच्या खोऱ्यातल्या इटालियन गल्ल्यांमधे प्रत्येक घराला दोन स्वयंपाकघरं. वरचं दाखवायला, खालचं रांधायला. वरची चूल आरशासारखी लख्ख, वरच्या सोफ्यावर प्लास्टिक, आणि खाली तळघरात खरा संसार: जुनी शेगडी, लांब टेबल, टोमॅटोच्या बरण्या, वाइनची पिंपं, घर तापवायची भट्टी. आमच्या बायकांचा निम्मा जन्म तळघरातच जातो. माझ्या वरच्या चुलीवर मी लग्नानंतर एकदाच दूध तापवलं, तेही सासूबाई दवाखान्यात होत्या म्हणून.

त्या सकाळी मी पायचा पुडा घेऊन असुंताबाईंकडे खाली उतरले, तर लसूण करपला होता. करपला म्हणजे कोळसा. तव्यातून काळा धूर निघत होता आणि असुंताबाई शांतपणे ढवळत होत्या.

"अहो, करपला की!"

"काय करपलंय?"

"लसूण!"

"तुला सगळीकडे आगच दिसते," त्या म्हणाल्या. "मला वासावरून कळतं, बघावं लागत नाही. पन्नास वर्षं लसूण परततेय मी."

आणि त्यांनी तो काळा लसूण तसाच पानांच्या भाजीवर ओतला. मी मनातल्या मनात हसले. माणूस थकतं. त्यांचा उजवा हातही अलीकडे जरा थरथरायचा. कप बशीवर ठेवताना किणकिण व्हायची. विचारलं की म्हणायच्या, थंडी आहे.

मग मला ती मेणबत्ती दिसली.

कोपऱ्यात, भिंतीलगत, संत जोसेफच्या पुतळ्यापुढं असुंताबाई बारा महिने मेणबत्ती लावतात. लाल काचेची, बुटकी. तळघराच्या दोन्ही खिडक्यांवर हिवाळ्याचं प्लास्टिक ताणून चिकटवलेलं, दार बंद, पंखा नाही. आणि त्या मेणबत्तीची ज्योत तिरकी होती. फडफडत नव्हती, नुसती वाकलेली होती, खोलीकडे. जणू भिंतीकडून कुणीतरी तोंडाचा चंबू करून सावकाश फुंकर घालत होतं आणि ती फुंकर संपतच नव्हती.

मी मेणबत्ती उचलून टेबलावर आणली. ज्योत सरळ. कोपऱ्यात ठेवली. ज्योत वाकली.

"फट आहे वाटतं भिंतीला," मी म्हटलं.

"सॅल फुंकतो," असुंताबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे पाठ करून कॉफी ओतत होत्या, त्यामुळं हे थट्टेत म्हटलं की कसं, ते मला कळलं नाही.

३

त्याच आठवड्यात असुंताबाईंच्या तळघरात पाळणा आला.

त्यांचा मुलगा कॉस्मो आणि सून शॅनन ज्या घरात भाड्यानं राहत होते ते घर मालकानं विकायला काढलं. दोघं आता इथं, तळघरातल्या मागच्या खोलीत राहायला येणार होते. शॅननला दिवस गेले होते, नुकतेच. अजून कुणाला सांगायचं नाही हं, असं असुंताबाईंनी अख्ख्या गल्लीला एकेक करून सांगून झालं होतं. सून आयरिश, त्यामुळं लग्नात असुंताबाईंनी बरंच नाक मुरडलं होतं. पण नातवंडाची चाहूल लागली आणि बाई विरघळल्या. माळ्यावरचा लाकडी पाळणा काढला, पुसला, त्यावर स्वतःच्या सासूनं विणलेलं पांढरं पांघरूण घातलं आणि भट्टीजवळ, उबेला ठेवला.

"अहो, इतक्या लवकर पाळणा मांडू नये म्हणतात," मी म्हटलं.

"माझ्या घरात मी म्हणते ते म्हणतात."

रविवारी त्या चर्चला गेल्या असताना मला त्यांच्या फ्रीजमधे केक ठेवायचा होता. किल्ली माझ्याकडे असतेच. मी खाली उतरले. दिवसाउजेडीची वेळ, खिडकीच्या प्लास्टिकमधून बर्फाचा दुधासारखा उजेड येत होता, सगळं जिथल्या तिथं होतं. केक ठेवला. वळले. तेवढ्यात भट्टी सुरू झाली.

भट्टीचा आवाज मला पाठ आहे: आधी टक्, मग गुरगुर. पण त्याखाली दुसरा एक आवाज होता. जमिनीत मोरीची जाळी आहे, तिच्यातून तो येत होता. दातांच्या फटीतून कुणी आत श्वास ओढावा तसा लांब, बारीक. नाही, ओढावा तसा नव्हे. सोडावा तसा. सुटतच राहिला. मी उभी होते त्याहून जास्त वेळ कुठलंही माणूस श्वास सोडू शकत नाही.

पाइपात हवा असेल. जुनं घर आहे. लाकूड तापतं, लोखंड ताणतं. हे सगळं मी स्वतःला जिन्याच्या पहिल्या पायरीवर सांगितलं, आणि तिसऱ्या पायरीवर पुन्हा सांगितलं. पळाले असं कुणी म्हणू नये. लगबगीनं गेले इतकंच.

४

आता तपासणीचं सांगते.

आमच्या टेकडीवर पूर्वी कुलपांचा कारखाना होता. गल्लीतले निम्मे पुरुष तिथंच जन्मभर राबले. तिथं धातूवरचं तेल धुऊन काढायला एक रसायन वापरायचे. ट्रायक्लोरोएथिलीन, पण एवढं नाव घ्यायला कुणाला वेळ होता, सगळे त्याला नुसतं 'ट्राय' म्हणायचे. दिसायला पाण्यासारखं, उघडं ठेवलं की उडून जाणारं. ते वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं होतं आणि जमिनीखालून टेकडीच्या उतारानं आमच्या गल्लीकडे सरकलं होतं, असं आता उघड झालं होतं. घराघरातली हवा तपासायला सरकारच्या आरोग्य खात्यातून एक उंच बाई आली, मिस हॅल्व्हरसन.

तिनं गल्लीतल्यांची सभा बोलावून साध्या शब्दांत सांगितलं. हिवाळ्यात घर तापलं की गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी घर खालून, जमिनीतून हवा ओढून घेतं. त्या हवेबरोबर ही वाफ येते. वास येत नाही. थोडी थोडी, रोज, वर्षानुवर्षं. मग कुणाच्या मूत्रपिंडाला, कुणाच्या मेंदूला धोका वाढतो. हात थरथरायला लागतात, त्याच्याही आधी कधी कधी वास येईनासा होतो. "अमुक माणसाला याच्यामुळंच झालं असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण पोटुशी बाई असेल तर मला आधी सांगा. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचं हृदय तयार होतं. तेव्हा ही वाफ सगळ्यात वाईट."

मग तिनं बजावलं: मी हवेचा नमुना भरून घेणारा डबा ठेवायला येईन त्याच्या आदल्या दिवसापासून घर बंद ठेवा, रोजच्यासारखं राहा, काही वेगळं करू नका.

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि घरी जाऊन काय केलं?

परकी बाई घरात येणार! तीही तळघरात! अख्ख्या गल्लीत खिडक्यांवरचं प्लास्टिक टराटरा फाटलं. दारं सताड उघडी, चटया बर्फावर आपटून झाल्या, जमिनी व्हिनेगरनं धुतल्या. मीसुद्धा धुतली, खोटं कशाला बोलू. पाहुणा यायच्या आधी घर वाऱ्यावर टाकायचं, हे आमच्या आयांनी आम्हाला कानाला धरून शिकवलंय. असुंताबाईंनी तर तो पोलादी डबा कुरूप दिसतो म्हणून त्याच्याखाली विणलेला रुमाल घातला आणि तो उचलून जिन्याच्या वरच्या पायरीवर, दारापाशी ठेवला. मिस हॅल्व्हरसन गेल्यावर, अर्थातच.

निकाल आला: काही नाही.

"माझ्या तळघरात घाण शोधायला आली होती!" असुंताबाईंनी कमरेवर हात ठेवून सगळ्या गल्लीला ऐकवलं. "माझ्या जमिनीवर ताटाशिवाय जेवावं माणसानं!"

सगळे खूश होते. शनिवारी कॉस्मो-शॅननचं सामान यायचं ठरलं. मीही खूश होते. फक्त एक गोष्ट मला टोचत होती. डबा होता त्या दिवशी मी मुद्दाम कोपऱ्यातल्या मेणबत्तीकडे पाहिलं होतं. ज्योत काठीसारखी सरळ होती. पाहुणी गेली, खिडक्यांवर नवं प्लास्टिक चढलं, आणि दुसऱ्या सकाळी ज्योत पुन्हा वाकली.

जे काही होतं ते पाहुणे आले की लपत होतं.

५

शुक्रवारी दुपारी शॅनन माझ्या तळघराचं दार न ठोठावता आत धावत आली.

"नॅटीमावशी! काय जळतंय? बाहेर रस्त्यापर्यंत वास येतोय!"

मी शेगडीपासून हातभरावर बसून पावाचं पीठ मळत होते. माझ्या पाठीशी दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा तळ काळा झाला होता. शॅनन नाकाला पदर लावावा तसा स्कार्फ लावून खोकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला काहीच कळलं नव्हतं. वास नाही. काही नाही.

शॅननला मी म्हटलं, सर्दी झालीय गं. ती गेल्यावर मी मसाल्याच्या बरण्या उघडल्या. बडीशेप नाकाशी धरली: कागद. दालचिनी: लाकूड. कॉफीत बोट घालून बोट नाकात घातलं तरी नुसतं गरम लागलं. शेजारच्या घरात उद्या कोण येणार, तिथं आज काय शिजतंय, हे भिंतीपलीकडून ओळखणारी मी! आणि माझं नाक केव्हा गेलं तेसुद्धा मला कळलं नव्हतं. कधीपासून? असुंताबाईंच्या लसणावर मी हसले, पण मला तो करपलेला *दिसला* होता. त्याचा वास मला तरी आला होता का?

मी खुर्चीवर बसले. घर शांत होतं. मग माझीही भट्टी सुरू झाली, टक्, गुरगुर, आणि मी जमिनीकडे बघत राहिले.

त्या बसल्या जागी मला सगळं उमगलं. भूत पाहुण्याला घाबरत नव्हतं. आम्हीच पाहुण्यासाठी त्याला झाडून बाहेर घालवलं होतं, एका दिवसापुरतं. आणि शनिवार उद्यावर आला होता.

६

"काय वेडबिड लागलंय का तुला?" असुंताबाई म्हणाल्या. "निकाल आलाय. सरकारी."

"उघड्या घराचा आलाय तो. तुम्ही डबा दारात ठेवला होतात."

"मग काय कोळशापाशी ठेवू? आणि पोरांना काय सांगू, विहिणीकडे जाऊन राहा? ती बाई बटाटे पाण्यात उकडते, नॅटी. *पाण्यात.* मीठसुद्धा घालत नाही!"

शॅनन जिन्यात खोकं घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, मला इथंच राहायचंय. पण बाळाला काही झालं तर..."

"काही होत नाही! तीन मुलं वाढवली मी या तळघरात!"

"दोन," मी म्हटलं.

मी तसं बोलायला नको होतं. तिसरं बाळ जन्मल्यावर महिनाभरात गेलं होतं, त्याच्या हृदयात काहीतरी होतं, आणि त्याचं नाव या घरात कुणी घेत नसे. असुंताबाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. शॅनन खोकं तिथंच ठेवून वर निघून गेली.

"माफ करा," मी म्हटलं. "हवं तर उद्यापासून माझं तोंड बघू नका. पण आत्ता थोडा वेळ माझ्याबरोबर इथं बसा. दार बंद करून. काही करायचं नाही, शेगडी नाही, ढवळणं नाही. नुसतं बसायचं."

का कुणास ठाऊक, त्या बसल्या.

मी लाल काचेची मेणबत्ती आणून पाळण्याजवळ जमिनीवर ठेवली. पाळण्याखाली सिमेंटला एक फट होती, केसाएवढी, कोपऱ्यातून मोरीपर्यंत गेलेली. इतकी वर्षं आम्ही ती पुसत आलो होतो. ज्योत फटीपासून दूर कलली. खिडकीवरचं प्लास्टिक आत ओढलं गेलं होतं, ढोलकीच्या कातड्यासारखं ताठ. बाहेर बर्फ पडत होता, त्याचा आवाज येत नव्हता, कसलाच आवाज येत नव्हता.

टक्.

भट्टी गुरगुरली. जाळीतून तो श्वास सुटायला लागला. ज्योत आडवी झाली, अगदी जमिनीला टेकेल अशी, आणि निळी पडली.

आणि पाळण्यातलं पांघरूण वर उचललं गेलं.

सावकाश. झोपलेल्या लेकराचं पोट उचललं जातं तसं. मग खाली बसलं. मग पुन्हा वर. मी असुंताबाईंचा हात धरला, की त्यांनी माझा धरला, ते आठवत नाही. फटीतून वारा येतोय, मी मनात म्हणत होते, वारा आहे, नुसता वारा. तेवढ्यात उशीकडची घडी जराशी सरकली. कूस बदलताना कुणी तोंड इकडे वळवतं ना, तशी.

"बघू नका," मी म्हटलं.

असुंताबाई बघत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. दारावर आलेल्या आगाऊ विक्रेत्याशी त्या ज्या आवाजात बोलतात, अगदी त्या आवाजात म्हणाल्या:

"ऊठ तिथून."

पांघरूण अर्धवट वर तसंच थांबलं.

"ऊठ म्हणते ना. ती जागा माझ्या नातवंडाची आहे."

भट्टी बंद पडली. पांघरूण खाली बसलं, रिकाम्या पाळण्यावर बसावं तसं सपाट. ज्योत सरळ झाली. असुंताबाई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. त्यांना तसं चढताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वरून फोनवरचा त्यांचा आवाज ऐकू आला:

"हॅलो? मी शॅननची सासू. ऐका, पोरांना काही दिवस तुमच्याकडे राहू द्या. हो. हो, उकडलेलं चालेल."

७

यापुढचं काम सोपं होतं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या गल्लीतल्या बायकांना घर न झाडण्याची विनवणी करून बघावी.

मिस हॅल्व्हरसनला मी सगळं खरं सांगितलं. चटया, व्हिनेगर, रुमाल, सगळं. ती आधी हसली, मग हसायची थांबली. पुन्हा डबे ठेवायला कबूल झाली. पण दिवस आले ते मार्चचे, संत जोसेफच्या पंगतीच्या तोंडावरचे. त्या पंगतीला दार उघडं असतं, वाटेवरचा कुणीही येऊन जेवतो, आणि त्याआधी घर घासूनपुसून काढायचं असतं. त्याच दिवसांत मी दारोदार जाऊन सांगत होते: झाडू नका, पुसू नका, खिडकी उघडू नका.

"पाहुणी माझ्या तळघरात येणार आणि मी कचरा ठेवू?" एकीनं दार माझ्या तोंडावर लावलं.

"लोक काय म्हणतील?" दुसरी रडायलाच लागली.

शेवटी असुंताबाई माझ्याबरोबर निघाल्या. प्रत्येक दारात उभ्या राहून, मान ताठ ठेवून एकच वाक्य म्हणाल्या: "माझ्या जमिनीवर कालचा रस्सा सांडलाय आणि मी तो पुसलेला नाही." यापुढं कुणाची काय बिशाद? असुंता रिझुटोच्या जमिनीवर रस्सा! बायका येऊन तो डाग बघून गेल्या. गल्लीतली सगळी घरं बंद झाली, धुळीत, आंबूस, जशी हिवाळ्यात खरोखर असतात तशी. त्या दिवसांत आम्ही एकमेकींच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो. पण एकीनंही कुंचा उचलला नाही.

या वेळी निकाल सांगायला मिस हॅल्व्हरसन स्वतः आली. बहुतेक सगळ्या घरांत वाफ सापडली. असुंताबाईंच्या घरात सगळ्यात जास्त.

"अभिनंदन," मी त्यांना म्हटलं. "तुम्हीच पहिल्या."

"नेहमीच असते," त्या म्हणाल्या.

मग कामगार आले. तळघराच्या जमिनीला भोक पाडून त्यांनी एक नळी बसवली. ती भिंतीवरून चढत छपराच्या वर नेली आणि तिला पंखा लावला. घरात यायच्या आधीच खालची हवा ओढून आभाळात सोडायची, एवढंच त्याचं काम. असुंताबाईंच्या कोपऱ्यात भोक पाडताना सिमेंटखाली एक खड्डा निघाला, जुना, मुद्दाम केलेला, मागाहून वरून बुजवलेला. त्या त्याच्या काठाशी वाकल्या.

"सॅल कारखान्यातून वाइनच्या बाटल्यांतून ट्राय आणायचा," त्या म्हणाल्या. "सगळेच आणायचे. यंत्रं धुवायला, वाइनच्या दाबयंत्राचा स्क्रू धुवायला. उरलेलं इथं ओतायचा. जमीन पिऊन टाकते, म्हणायचा."

टेकडीवरून आलेलं होतंच, त्यात घरचंही होतं.

मी मिस हॅल्व्हरसनला पाळण्याचं विचारलं. फटीतल्या हवेनं ज्योत वाकते, ती म्हणाली, हे आम्ही नेहमी बघतो. पण पांघरूण उचलायला? तिनं पांघरूण हातात घेऊन वजन केलं. "नाही. एवढा जोर नसतो त्याला." आणि दुसऱ्या कामाला लागली.

त्या वर्षी संत जोसेफची पंगत पहिल्यांदाच वर झाली. असुंताबाईंनी कात्री घेतली आणि सोफ्यावरचं प्लास्टिक कापून काढलं. त्याचा आवाज मला चर्चच्या घंटेसारखा वाटला. वरची लख्ख चूल पेटली. तिच्यावर रस्सा उडाला, कुणी पुसला नाही. आयरिश विहीणबाई बटाटे घेऊन आल्या. त्यात मीठ होतं.

८

मुलगी झाली. पानगळ सुरू होती, झाडं पेटल्यासारखी लाल. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, घोड्यासारखं हृदय आहे. असुंताबाई दवाखान्याच्या ओट्यावर बसून इतक्या मोठ्यानं रडल्या की परिचारिका धावत आल्या.

त्यांच्या हाताची थरथर काही गेली नाही. ती जायची नाही, हे त्यांना ठाऊक आहे. माझं नाकही फार परतलं नाही. एखाद्या सकाळी कॉफीचा वास लांबून, शेजारच्या घरातून यावा तसा येतो, आणि तेवढ्यावर माझा दिवस जातो. पण गल्लीतल्या प्रत्येक छपरावर आता एक पांढरी नळी आहे आणि कान दिला तर सगळे पंखे एका सुरात गुणगुणताना ऐकू येतात. मला तो आवाज आवडतो.

परवा आम्ही दोघी बाळाला घेऊन बेकरीत गेलो. डोरिननं बाळाच्या गालाला हात लावला, आणि मी संधी सोडणारी नव्हे.

"डोरिन, हिवाळ्यात एक वाक्य अर्धंच सोडलं होतंस. सॅल खाली आहे, दारं बंद झाली की वर येतो, आणि आता तर तो... पुढं काय?"

डोरिन लाल झाली. "जाऊ दे ना. लोक काहीबाही बोलतात."

"बोल," असुंताबाई म्हणाल्या.

"...आता तर तो बाळाची वाट बघतोय, असं." ती खाली बघत म्हणाली. "अहो, मी नव्हते म्हणत. माझी सासू म्हणत होती."

मला वाटलं, आता इथं दोन-चार बरण्या फुटणार. पण असुंताबाई हसायला लागल्या.

"सॅल? बाळाची? माझ्या पोरांनी रडायला सुरुवात केली की तो सिगारेट घेऊन रस्त्यापलीकडे पळायचा. तो गेलाय गं, बिचारा. शांत झोपलाय." मग त्या थोड्या थांबल्या. "खाली काहीतरी होतं, हे खरं. वर येत होतं, हेही खरं. आणि वाट बघत होतं, तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"मग सॅल नव्हता तर कोण होतं?" डोरिननं विचारलं.

असुंताबाईंनी बाळाला थरथरत्या हातानं खांद्यावर नीट घेतलं, दुसऱ्या हातानं टोमॅटो पायचा पुडा उचलला, आणि दाराकडे वळल्या.

"कोण का असेना," त्या म्हणाल्या. "माझ्या घरातून उपाशी गेलेलं ते एकटंच."